कायद्यात बसतंय ना, मग अडलं कुठे? (रोजच्या आणि नोकरीतल्या नीतीबद्दल)

उंबरठा

आमच्याकडे नवीन रुजू होणाऱ्यांसाठी आचारसंहितेचं एक सत्र असतं. ते आता माझ्या गळ्यात पडलंय. आधीचं सादरीकरण उघडून पाहिलं. सचोटी, पारदर्शकता, परस्पर आदर, उत्तरदायित्व. दर पानावर एक शब्द आणि हस्तांदोलनाचं एक चित्र. असल्या पानांवर कुणी प्रश्न विचारत नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही नसतंच. प्रामाणिकपणा वाईट असतो असं म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

खरे प्रश्न सत्र संपल्यावर जिन्यात येतात. कायद्यात बसतं, नियमावलीतही मनाई नाही, तर मग चूक कशी? वरिष्ठांनी सांगितलं म्हणून केलं, तर जबाबदारी कुणाची? आणि एक प्रश्न कुणी थेट विचारत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो: सहकाऱ्याची कल्पना बैठकीत आपली म्हणून मांडणं, सुमार उमेदवाराला भरघोस शिफारसपत्र देणं, मेल पाठवलेलाच नसताना "मिळाला नाही का?" असं विचारणं, याला नैतिक प्रश्न म्हणायचं की हा नुसता किस पाडणं झालं?

मला तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम घ्यायचा नाही. पण मुळातल्या कल्पना स्वतःला धड कळल्याशिवाय उदाहरणंही धड देता येत नाहीत. जाणकारांनी लिहा.

सर्किट

नीती म्हणजे पकडलं गेल्यावर वापरायचा शब्द. कंपनीला वकील पुरतो आणि माणसाला भीती पुरते. बाकी सगळी एचआरची हौस. (ह. घ्या. पण अगदीच हलकं नको.)

खडू_फळा

सर्किट, तुमचं मत फार जुनं आहे. त्यामुळे राग नाही. उंबरठा यांच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

तळ्यात कुणी बुडतंय. काठावर एक अनोळखी माणूस उभा आहे, त्याला पोहता येतं, त्याच्या जिवाला धोका नाही. तो पाहतो आणि निघून जातो. इंग्लंडच्या परंपरेतल्या कायद्याप्रमाणे, बुडणाऱ्याशी काही विशेष नातं वा जबाबदारी नसेल, तर त्याने सहसा कुठलाच गुन्हा केलेला नसतो. हेच फ्रान्समध्ये किंवा जर्मनीत घडलं, तर शक्य असून मदत न करणं हाच दंडनीय गुन्हा. सीमा ओलांडल्यावर बुडणाऱ्याचं काय बदललं? काहीच नाही. कायदा बदलला, नैतिक प्रश्न जागच्या जागी राहिला. उलटी बाजूही बघा. अमेरिकेत १८५० च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामांना आसरा देणं गुन्हा होता. ज्यांनी दिला ते गुन्हेगार ठरले. त्यांना आज कुणी वाईट म्हणत नाही.

तर, कायदा सांगतो कशाबद्दल शिक्षा होईल. रूढी सांगते चारचौघांत काय चालतं. नीतीचा प्रश्न या दोन्हींहून निराळा: माझ्या वागण्याची झळ ज्याला लागणार, त्याला मी काय देणं लागतो, आणि त्याच्यासमोर उभं राहून मला माझं कारण सांगता येईल का? बहुतेक वेळा तिन्हींचं उत्तर एकच येतं. म्हणून तर आपली गल्लत होते.

जाता जाता एक. "सगळे असंच करतात" हे वस्तुस्थितीचं विधान आहे. त्यातून "असं करावं" हे आपोआप निघत नाही. तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९-४० च्या सुमारास यावर बोट ठेवलं. तरी ही उडी मारणं थांबलेलं नाही, आणि कार्यालयांत तर ती दिवसातून दोनदा मारली जाते.

आता शिफारसपत्र. हे उदाहरण किस पाडणं अजिबात नाही. नीतिशास्त्राच्या तिन्ही मोठ्या वाटा त्या एका कागदावरून जातात. समजा एक मुलगा तुमच्या हाताखाली होता, मनाने चांगला, कामात सुमार. त्याला नोकरीची फार गरज आहे. तो म्हणतो, दोन चांगले शब्द लिहा.

पहिली वाट परिणामांची. बेंथमने १७८९ मध्ये आणि पुढे मिलने ती पक्की केली. कुणाचं किती भलं, किती नुकसान, आणि हिशेबात प्रत्येकाला सारखं मोजायचं. तुमच्या डोळ्यांसमोर तो मुलगा आहे. पण हिशेबात ज्या उमेदवाराची जागा जाईल तो आहे, ज्यांच्या गळ्यात हा मुलगा पडेल ते सहकारी आहेत, आणि तीन महिन्यांत काढून टाकला तर तो मुलगा स्वतःही आहे. परिणामवाद म्हणजे "काम झालं की बरोबर" असं लोकांना वाटतं. खरं तर तो समोर न दिसणाऱ्या माणसांना मोजायला लावतो. त्यामुळे ही वाट फार कष्टाची.

दुसरी कर्तव्याची, म्हणजे कांटची, १७८५. तो विचारतो, तुम्ही ज्या नियमाने वागताय तो सगळ्यांचा नियम झालेला चालेल का? सगळ्यांनीच खोटी शिफारसपत्रं लिहिली तर शिफारसपत्राला काडीची किंमत उरणार नाही, तुमच्याही नाही. म्हणजे तुमचं खोटं चालतं ते इतरांच्या खरेपणावर जगून. तो पुढे असंही म्हणतो की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. पत्र वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवून निर्णय घेणार आहे. तुम्ही त्याचा निर्णय त्याच्या नकळत स्वतः घेऊन टाकलात.

तिसरी वाट ॲरिस्टॉटलची, सर्वांत जुनी. तो कृतीऐवजी माणसाकडे बघतो. असं पत्र लिहिता लिहिता मी कोण होत चाललोय? धैर्य एकीकडे भ्याडपणा आणि दुसरीकडे आततायीपणा यांच्यामध्ये असतं. तसं इथे एका टोकाला निष्ठुर स्पष्टपणा आहे, दुसऱ्याला सगळ्यांना खूश ठेवणं. मधली जागा कुठे ते नियमाने सांगता येत नाही. त्याला विवेक लागतो, आणि विवेक वापरून वापरूनच येतो.

तिन्ही वाटांनी जाऊन मी एकाच पत्रापाशी पोचतो. त्यात त्या मुलाचे खरे गुण मनापासून लिहीन. वेळ पाळतो, शिकायला तयार असतो, माणसांशी चांगला वागतो. जे खरं नाही ते लिहिणार नाही. आणि हे त्याला आधी सांगेन, म्हणजे दुसऱ्या कुणाकडे जायचं तर त्याला जाता येईल.

सर्किट

सर, तीन डॉक्टर आणि तीन निदानं. इथे जुळली म्हणून ठीक. नाही जुळली की माणूस सोयीचा डॉक्टर निवडणार.

खडू_फळा

निवडतो खरा. आणि कुठलाही सिद्धांत यंत्रासारखा चालवला की वेडंवाकडं उत्तर देतोच. कांटने १७९७ मध्ये लिहिलं की मारेकरी दारात येऊन "तुझा मित्र घरात आहे का" असं विचारत असला, तरी खोटं बोलू नये. कांटला मानणाऱ्यांनाही हे गिळायला जड जातं.

मला यात रॉस हा तत्त्वज्ञ जवळचा वाटतो. १९३० मध्ये त्याने मांडलं की कर्तव्य एकच नसतं. वचन पाळणं, केलेल्या नुकसानीची भरपाई, कृतज्ञता, इजा न करणं, अशी बरीच असतात आणि ती आपसांत भांडतात. प्रसंग पाहून एकाला पुढे करावं लागतं. पण जे मागे पडलं ते नाहीसं होत नाही. अपघात झालेल्याला दवाखान्यात नेलं म्हणून मुलीला दिलेला शब्द मोडला, तर वागणं बरोबरच होतं, तरी मुलीचं काही देणं शिल्लक राहतं. नंतर जाऊन समजूत काढावी लागते. "मी बरोबर होतो" एवढ्यावर जे हात झटकतात त्यांच्या हातून ही बाकी राहून जाते.

सोयीचा डॉक्टर ओळखण्याची खूण म्हणाल तर एक आहे. दर वेळी उत्तर आपल्याच फायद्याचं येत असेल तर संशय घ्या.

ताळेबंद

शिफारसपत्रावरचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. मी लेखापरीक्षणात आहे, म्हणून हितसंबंधांच्या संघर्षाबद्दल लिहिते. आचारसंहितेत सर्वांत जास्त गैरसमज याच कल्पनेबद्दल असतो.

"तुमचा इथे हितसंबंध गुंततोय" म्हटलं की समोरचा लाल होतो. "म्हणजे मी बेइमान?" नाही हो. हा संघर्ष म्हणजे स्थिती आहे, दुर्गुण नाही. निवड समितीवर आहात आणि अर्जांत चुलतभावाचा अर्ज आला. तुम्ही कितीही सरळ असा, संघर्ष आहे. तुम्ही भावाला झुकतं माप दिलंत तर वेगळा गुन्हा. पण न देतासुद्धा, आणि स्वतःला चोख ठरवायच्या नादात त्याला मुद्दाम कमी गुण दिलेत तरीसुद्धा, तुमच्या निर्णयावर कुणी विसंबू शकत नाही. मूळ मुद्दा विसंबण्याचा आहे. परीक्षक, पंच, डॉक्टर, वकील, संपादक यांच्याकडे लोक येतात ते त्यांचा निर्णय स्वतः तपासून पाहता येत नाही म्हणून.

उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी एकच सांगतात: जाहीर करा. तेवढ्यावर माझा विश्वास नाही. २००५ मध्ये केन, लोवेनस्टाइन आणि मूर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बरणीत नाणी, एकाने दुरून पाहून अंदाज करायचा, दुसऱ्या जाणत्याने त्याला सल्ला द्यायचा. काही सल्लागारांना अंदाज जास्त निघाला की जास्त पैसे मिळणार होते. त्यांतल्या काहींना हे उघड सांगायला लावलं. सांगितल्यावर सल्ला सुधारला का? उलट आणखी फुगला. जणू "सांगून टाकलंय, आता तुझं तू बघ". आणि ऐकणाऱ्याने तेवढी वजावट केली नाही. म्हणून जाहीर करणं ही पहिली पायरी. पुढची पायरी बाजूला होणं, आणि जमलं तर ती स्थितीच मोडणं.

आमच्या व्यवसायाने हे फार महाग शिकलं. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे हिशेब आर्थर अँडरसन ही लेखापरीक्षण संस्था तपासत असे. २००० साली त्यांना तिथून लेखापरीक्षणाचे सुमारे २.५ कोटी डॉलर मिळाले आणि सल्लागारीचे सुमारे २.७ कोटी. ज्याच्याकडून एवढं दुसरं काम येतंय त्याच्या ताळेबंदावर लाल शाई मारायची कुणी? एन्रॉन २००१ च्या अखेरीस बुडाली. २००२ च्या अमेरिकी कायद्याने लेखापरीक्षकांना त्याच ग्राहकाची बरीचशी इतर कामं घ्यायला मनाई केली. कागद नष्ट केल्याच्या प्रकरणात अँडरसनला दोषी ठरवलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केलं. तोवर संस्था उरलीच नव्हती. कायद्याने सोडलं, पण सहीची किंमत गेली ती परत आली नाही. सर्किट, वकील पुरला नाही बरं का.

सर्किट

मान्य, पण ते सही करणारे. मी कोड लिहितो. मागणी वरून येते, परीक्षण दुसरा करतो, विकतो तिसरा. माझ्याकडे कोण विसंबून बसलंय?

गंजलेला_नट

फोक्सवॅगनमध्येही कुणीतरी कोडच लिहिला होता की. गाडी चाचणीवर आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं उत्सर्जन कमी करायचं. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. २०१५ मध्ये बाहेर आलं तेव्हा जगभरात अशा जवळपास १.१ कोटी गाड्या होत्या. २०१७ मध्ये त्यांच्या एका अभियंत्याला अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. तो काही मुख्य अधिकारी नव्हता. पुष्कळ हातांतून काम गेलं की जबाबदारीचे तुकडे होऊन प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडी येते असा आपला समज असतो. तशी ती वाटली जात नाही.

पण मला उंबरठा यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहायचंय, वरिष्ठांनी सांगितलं तर काय. मी यंत्रअभियंता. आमच्याकडे चॅलेंजर या अंतराळयानाचं उदाहरण सगळेच देतात, पण सांगताना त्याचा गाभा निसटतो.

२७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी उड्डाण. रात्री तापमान गोठणबिंदूच्या खाली जाणार होतं. घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोलच्या अभियंत्यांचं म्हणणं होतं, सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका, सांध्यातली रबरी कडी थंडीत कडक होते आणि वेळेत फट बुजवत नाही. रॉजर बोइसजॉली यांनी तर आदल्या जुलैतच लेखी इशारा दिला होता. दूरध्वनीवर नासाच्या लोकांनी वैताग दाखवला. थायोकोलने आपसांत बोलायला वेळ मागितला. त्या चर्चेत एका वरिष्ठाने अभियांत्रिकीच्या उपाध्यक्षाला सांगितलं, अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. मग फक्त व्यवस्थापकांचं मत घेतलं गेलं. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं. सात जण गेले.

लोक यावरून "दबावाला बळी पडू नका" असं सांगतात. ते बरोबरच. पण टोपीचं ते वाक्य पुन्हा वाचा. त्या खोलीत कुणी "सुरक्षिततेवर पाणी सोडू" असं म्हटलं नाही. तसं म्हणावं लागलं असतं तर बहुधा कुणाच्याच तोंडून निघालं नसतं. प्रश्न फक्त एका खात्यातून उचलून दुसऱ्या खात्यात टाकला गेला. अभियांत्रिकीच्या खात्यात विचारतात, कडी टिकेल का. व्यवस्थापनाच्या खात्यात विचारतात, ग्राहक नाराज होईल का, वेळापत्रक बिघडेल का. दुसऱ्या खात्यातली उत्तरं खोटी नव्हती. पण तिथे मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. माझ्या अनुभवात तरी कामाच्या ठिकाणी नीती हरते ती बहुतेक वेळा अशीच. नैतिक प्रश्नाला चुकीचं उत्तर देऊन क्वचितच.

आता जबाबदारीचं. थायोकोलचे ॲलन मॅकडोनल्ड उड्डाणस्थळी होते. शिफारशीवर सही करायला त्यांनी नकार दिला. सही त्यांच्या वरिष्ठाने दुसरीकडून पाठवली. चौकशी आयोगापुढे खरं सांगितल्यावर कंपनीने त्यांना खालच्या कामावर टाकलं. पुढे अमेरिकी संसदेतून दबाव आल्यावर परत घेतलं, आणि सांध्याची नवी रचना त्यांच्याच देखरेखीखाली झाली. नकार दिला की सगळं छान होतं असं सांगणाऱ्यांना माझं सांगणं आहे की यान उडालंच होतं. नकाराने अपघात टळेलच असं नाही. पण "सांगितलं म्हणून केलं" असं म्हणणारा आणि सही न करणारा, दोघेही त्याच साखळीत होते.

रात्रपाळी

साखळीवरून: मानसशास्त्रज्ञ मिलग्रामने १९६१ मध्ये येल विद्यापीठात प्रयोग सुरू केले. दुसऱ्याचं उत्तर चुकलं की बटण दाबून त्याला वाढत्या ताकदीचा विजेचा धक्का द्यायचा. पहिल्या प्रसिद्ध मालिकेत ४० पैकी २६ जणांनी शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत मजल मारली. धक्के खोटे होते, पण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. शेजारी करड्या कोटातला माणूस "पुढे चालू ठेवा" म्हणत होता. हे सगळे दुष्ट नव्हते, काहींना घाम फुटला होता. तरी दाबलं.

(अवांतर: लोकांना फसवून तो प्रयोग करणं नैतिक होतं का, यावरही तेव्हापासून वाद आहे. आज तसाच्या तसा करायला परवानगी मिळणं कठीण.)

मी परिचारिका. आमच्याकडे रोज येणारा प्रश्न हा: नातेवाईक दारातच गाठतात, "सिस्टर, त्यांना आजाराचं नाव सांगू नका, खचतील." आणि आत गेलं की रुग्ण विचारतो, "मला नक्की झालंय काय?"

या एका गोष्टीत व्यवसायाची नीती किती बदलली बघा. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी सांगितलं की कर्करोग झाल्याचं रुग्णाला सांगणं ते टाळतात. १९७९ च्या तशाच पाहणीत ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत उलटापालट. उपचार सुधारले हे एक कारण. पण मधल्या काळात दुसरंही घडलं. अमेरिकेतल्या टस्कीगीचा अभ्यास १९७२ मध्ये उघडकीला आला. त्यात उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना आजार नीट न सांगता, १९४० च्या दशकात पेनिसिलिन मिळू लागल्यावरही ते न देता, १९३२ पासून नुसतं बघत राहिले होते. सरकारी आरोग्यसेवेचं काम होतं ते, नियतकालिकांत त्याचे निबंध छापून येत होते. लपवलेलं नव्हतं! गंजलेला_नट म्हणतात तेच: प्रश्न "संशोधन" या खात्यात होता, तिथे "या माणसाला औषध का नाही" असं कुणी विचारत नव्हतं. माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीबद्दलच्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने मग तीन गोष्टी नोंदवल्या: व्यक्तीचा आदर, हित साधणं, न्याय.

यातला व्यक्तीचा आदर हा भाग ऐकायला सोपा आहे, करायला नाही. मी रुग्णाशी खोटं बोलत नाही. पण सत्य नेऊन त्याच्या अंगावर आदळतही नाही. आधी विचारते, "तुम्हाला किती माहिती हवीय? सगळं तुम्हालाच सांगू, की घरातल्या कुणाशी बोलायचं?" काहीजण खरंच म्हणतात, मुलीला सांगा, मला नको. तोही त्याचाच निर्णय, आणि तो पाळायचा. नातेवाइकांनी परस्पर घेतलेला निर्णय वेगळा. त्यांना मी एवढंच सांगते की मी आपणहून विषय काढणार नाही, पण रुग्णाने सरळ विचारलं तर "काही नाही" म्हणून सांगणार नाही. चिडतात. क्वचित नंतर आभारही मानतात, पण त्यासाठी कुणी करत नाही.

अर्धविराम

वाचतेय, फार सुंदर चाललंय. मला मात्र लहान गोष्टींबद्दल बोलायचंय, कारण आम्हा सामान्यांच्या वाट्याला अंतराळयान येत नाही.

खोटं न बोलता फसवण्याची कला आपल्याला "नरो वा कुंजरो वा" पासून माहीत आहे. कार्यालयात तिला बहर येतो. "या अहवालावर आमच्या गटाने काम केलं" हे खरंच असतं, फक्त काम एकटीने केलं आणि मांडलं दुसऱ्याने. "ग्राहकाकडून अजून तक्रार नाही", कारण ग्राहकाला अजून कळवलेलंच नाही. शब्द तपासले तर सगळे खरे. माझी चाचणी एकच: ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उमटावं म्हणून मी बोलतेय ते खरं आहे का? नसेल तर ते खोटंच, वाक्याचं व्याकरण काहीही असो.

आणि घाईबद्दल कुणी बोललं नाही. १९७३ चा डार्ली आणि बॅट्सनचा प्रयोग आहे. धर्मोपदेशक होऊ पाहणारे विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला निघालेले. वाटेत एक माणूस वाकून कण्हत बसलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळा" असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. गंमत म्हणजे काहींच्या भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची गोष्ट हा होता. त्याने फारसा फरक पडला नाही! म्हणून आचारसंहितेच्या सत्राइतकंच, कुणाला अशक्य मुदत देऊ नका, हेही नीतीतच मोडतं असं मला वाटतं. उंबरठा, हे तुमच्या वरिष्ठांच्या सत्रात सांगा, नव्यांच्या नको.

उंबरठा

अर्धविराम, नोंदवलं. माझ्या मनात हे वाचताना इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अभ्यास आला (ग्नीझी आणि रुस्टिचिनी, २०००). मुलांना न्यायला पालक उशिरा येत. दहांपैकी सहा पाळणाघरांनी उशिराला दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. आधी "बाई ताटकळतील" अशी टोचणी होती. दंड आल्यावर तो उशिराचा दर झाला, भरला की मोकळे. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. हीसुद्धा खातेबदलीच ना? आम्ही नियमभंगाला गुण वजा करायची पद्धत आणणार होतो. आता थांबून विचार करावा लागेल.

ताळेबंद

थांबाच. पण नियम नकोत असा अर्थ काढू नका. गंभीर बाबतीत दंड लागतोच, फक्त तो किंमत वाटणार नाही इतका जड हवा.

सर्किट

बरं, तत्त्वं झाली. आता खरंखुरं. पुढच्या आठवड्यात ग्राहकापुढे डेमो आहे. एक भाग अजून चालत नाही, तिथे आधीच तयार केलेली उत्तरं दाखवायची आहेत, जणू प्रणाली तिथल्या तिथे काढतेय. साहेबांचं म्हणणं, "डेमो आहे, वितरण नाही. सगळे करतात." कायद्यात बसतं, मी विचारलं. सांगा कोणती वाट.

खडू_फळा

"सगळे करतात" ते वर येऊन गेलंय. नमुना दाखवणं हे नाटक दोघांना ठाऊक असेल तर नाटक, एकालाच असेल तर फसवणूक. ग्राहक हे पाहून काही ठरवणार आहे का?

सर्किट

ठरवणार आहे. करार त्यानंतरच.

गंजलेला_नट

मग तुम्हीच उत्तर दिलंत. भांडायला जाऊ नका, पर्याय घेऊन जा. त्या पडद्यावर "नमुना उत्तरं, हा भाग विकासाधीन" अशी एक ओळ टाका आणि तो भाग कधी पूर्ण होईल त्याची खरी तारीख तोंडपाठ ठेवा. बहुतेक ग्राहकांना अर्धवट प्रणालीचं काही वाटत नाही. नंतर कळलं तर वाटतं.

ताळेबंद

आणि साहेबांना मेलवर विचारा: "ही ओळ ठेवतोय, हरकत असल्यास कळवावं." आरोप नाही, टोमणा नाही, एक वाक्य. तोंडी "सगळे करतात" म्हणणारी माणसं लेखी सहसा तसं म्हणत नाहीत. प्रश्न परत मूळ खात्यात येतो तो असा.

सर्किट

मेल टाकला. दोन तासांनी उत्तर आलं: ओळ ठेव, पण अक्षर लहान कर.

अर्धविराम

किती लहान?

सर्किट

तेच तर लिहिलेलं नाही.

रात्रपाळी

मागच्या रांगेतून चष्मा न लावता वाचता येईल इतकं लहान करा. आणि कुणी काही विचारलं तर मोठ्याने वाचून दाखवा.